बर्फाच्या यंत्रात कोणते पाणी सोडावे? फिल्टर, सॉफ्टनर आणि आरओ यांविषयी चर्चा

हॉटेलवाला_संभाजीनगर · १९ मार्च

नमस्कार. छत्रपती संभाजीनगर येथे आमचे साठ आसनांचे उपाहारगृह आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दिवसाला दीडशे किलो क्षमतेचे, चौकोनी खडे पाडणारे बर्फाचे यंत्र घेतले. पहिल्या उन्हाळ्यात काचेसारखे नितळ खडे मिळत होते. गेल्या दिवाळीपासून मात्र खडे आतून पांढरट येऊ लागले, मग ते पातळ होत गेले, आणि आता तर तयार झालेली बर्फाची लादी प्लेटवरून वेळेवर सुटतच नाही. पूर्वी रात्रभरात भरणारी पेटी आता दुपारपर्यंत अर्धीच असते, आणि सरबत व लस्सीच्या ऐन गर्दीत बाहेरून बर्फ मागवावा लागतो. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे मला माहीत नसताना गिऱ्हाइकाच्या पेल्यात घालणे मला मनापासून पटत नाही.

पाण्याची स्थिती अशी आहे. महापालिकेचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते, परंतु आमच्या भागात ते पाच-सहा दिवसांच्या अंतराने मिळते. ते तळटाकीत साठवतो, संपले की त्याच टाकीत बोअरचे पाणी सोडतो आणि मे महिन्यात टँकर मागवतो. तळटाकीतून पाणी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरील टाकीत आणि तेथून खाली यंत्राला येते. यंत्राच्या आधी एक स्पन फिल्टर व एक कार्बन फिल्टर आहे, आणि दोन्ही दर तीन महिन्यांनी न चुकता बदलले जातात. माझ्याकडील टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) मीटर लिटरमागे ७८० मिलिग्रॅम दाखवतो.

एक विक्रेता सॉफ्टनर, म्हणजे मिठाच्या साहाय्याने पाणी मऊ करणारे उपकरण, बसवा म्हणतो, दुसरा आरओशिवाय पर्याय नाही म्हणतो. मागील महिन्यात एका मेकॅनिकने बाटलीतून ॲसिड ओतून यंत्र साफ केले. आठवडाभर बरे वाटले, परंतु आता प्लेटवर दोन ठिकाणी तांबूस डाग दिसत आहेत. फिल्टर वेळच्या वेळी बदलूनही क्षार बसत असतील, तर फिल्टरच निकृष्ट आहेत असे समजावे का?

शीतयंत्र_कारागीर · १९ मार्च

आपले फिल्टर निकृष्ट असतीलच असे नाही. जे काम त्यांचे नाही ते आपण त्यांच्याकडून अपेक्षित धरत आहात. स्पन फिल्टर वाळू, माती आणि गंजाचे कण अडवतो. कार्बन क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो. पाण्यात पूर्णपणे विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन्हींतून जसेच्या तसे पलीकडे जातात, कारण विरघळलेली वस्तू जाळीत अडकत नाही. साखर घातलेले पाणी कितीही वेळा फडक्यातून गाळले तरी गोडच राहते, तसाच हा प्रकार आहे.

यंत्रात पुढे काय घडते ते समजून घेतले तर उपाय ठरवणे सोपे जाईल. आपल्या प्रकारच्या यंत्रात खालच्या कुंडीतील पाणी पंपाने वर चढून उभ्या प्लेटवरून वाहत राहते आणि थंड प्लेटला लागून त्याचा थर गोठत जातो. गोठताना शुद्ध पाणी आधी बर्फ होते आणि क्षार उरलेल्या पाण्यात मागे राहतात. म्हणूनच चांगल्या यंत्राचा खडा मूळ पाण्यापेक्षा नितळ असतो. परंतु त्यामुळे कुंडीतले पाणी मिनिटागणिक क्षारांनी घट्ट होत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे चुना पाण्यात राहू न शकल्याने प्लेटवर, पंपात आणि पाणी शिंपडणाऱ्या नळीच्या छिद्रांत बसतो. घरी पाणी उकळल्यावर भांड्याला क्षार बसतात ते उष्णतेमुळे. येथे ते पाणी आटत गेल्यासारखे होऊन बसतात. प्रत्येक फेरीनंतर कुंडीतील उरलेले घट्ट पाणी बाहेर टाकण्यासाठी एक झडप असते. ती चोंदली किंवा तिची वेळ कमी ठेवली गेली, तर उत्तम पाण्यावरही पुटे चढतात. ती उघडते का, हे सर्वप्रथम पाहा.

प्लेट गुळगुळीत असेल तर तिच्या नळ्यांत गरम वायू फिरताच बर्फ साधारण एक ते तीन मिनिटांत सुटून खाली पडतो. पुटे चढलेल्या खरखरीत प्लेटला बर्फ धरून राहतो, सुटायला वेळ लागतो, सुटेपर्यंत तो वितळून पातळ होतो आणि दिवसभरातील फेऱ्या कमी होतात. आपली तक्रार अगदी याच क्रमाने वाढलेली दिसते.

तांबूस डागांविषयी मात्र मला खरी काळजी वाटते. पुष्कळशा यंत्रांत प्लेट तांब्याची असून तिच्यावर निकेलचा मुलामा असतो. फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड त्या मुलाम्याला खाते आणि खालचे तांबे उघडे पडते. अशा प्लेटसाठी निकेलला न खाणारा, फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्लावर आधारित क्लीनर मिळतो. तोच वापरावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ ठेवू नये. डाग पडला तेथे बर्फ यापुढेही चिकटेल, त्याला कोणताही फिल्टर उपाय नाही.

दुसरी बाब दाबाची. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो. आपली टाकी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आणि यंत्र तळमजल्यावर, म्हणजे आठ-नऊ मीटरचा फरक धरला तर ०.८ ते ०.९ बार मिळतो, आणि दोन फिल्टरमधून जाताना त्यातलाही काही खर्ची पडतो. अनेक यंत्रांना किमान १.४ बार, म्हणजे २० पीएसआय, दाब हवा असतो. दाब अपुरा असेल तर कुंडी वेळेत भरत नाही आणि खडे पातळ येतात. पातळ खड्यांचे खापर आपण केवळ क्षारांवर फोडू नये. फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबमापक लावून पाहा. हे काम स्वस्त आहे आणि पुढे कार्ट्रिज कधी चोंदले हेही त्यावरूनच कळते.

पाणीपरीक्षक · २० मार्च

मी जिल्हा पातळीवरील एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे केवळ पाण्यापुरते लिहिते.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो. त्यात चुना किती आणि मीठ किती हे तो सांगू शकत नाही. ७८० टीडीएसचे एखादे पाणी बर्फाच्या यंत्राला फारसा त्रास न देणारे असू शकते आणि दुसरे महिन्याभरात यंत्र बंद पाडणारे असू शकते. आपल्याला हवा आहे तो एकूण कठीणपणाचा, म्हणजे पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आकडा, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये. त्याची तपासणी सोपी आहे: नमुन्यात दर्शक टाकल्यावर मद्यासारखा लाल रंग येतो, मग ईडीटीए या रसायनाचे थेंब घालत गेले की तो निळा होतो, आणि लागलेल्या थेंबांवरून आकडा काढता येतो. याचे लहान किट विकत मिळते.

भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० आणि कठीणपणा २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत पाणी चालवून घेतले जाते. हे आकडे माणसाच्या पिण्यासाठी ठरवलेले आहेत, यंत्रासाठी नव्हेत. ५०० कठीणपणाचे पाणी पिऊन माणसाला काही होत नाही, यंत्र मात्र त्यावर टिकत नाही. पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला हाती आहे म्हणून ते यंत्रालाही चालेल, असे समजू नये.

आपल्याकडे तीन स्रोत एकाच टाकीत मिसळतात, म्हणून टाकीतला एक नमुना काही सांगणार नाही. नळाचे आणि बोअरचे पाणी वेगवेगळे तपासा. टीडीएस, कठीणपणा, क्षारता, क्लोराइड, लोह, गढूळपणा, सामू (पीएच) आणि जमल्यास सिलिका, एवढे पुरे. दख्खनच्या काळ्या खडकातील भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर सिलिकाही येते, आणि सिलिकेचे पूट साध्या आम्लाने निघत नाही. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, नळाचे तोंड पुसून काही वेळ पाणी वाहू द्या आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

हॉटेलवाला_संभाजीनगर · २८ मार्च

आपल्या सूचनेप्रमाणे दोन्ही नमुने तपासून घेतले.

बोअर: टीडीएस ८२०, कठीणपणा ४८०, क्लोराइड १४०, लोह ०.१, सामू ७.६.
महापालिका: टीडीएस २४०, कठीणपणा १३०, क्लोराइड ३०, लोह आढळले नाही, सामू ७.८.

दोन पाण्यांत इतका फरक असेल असे मला वाटले नव्हते. कारागीर दादांनी सांगितलेली झडप उघडून पाहिली, ती पांढऱ्या खड्यांनी जवळजवळ बंद झाली होती. फिल्टरनंतरचा दाब ०.५ बार भरला.

पुण्याचा_कॅफे · २८ मार्च

आमच्याकडे डिशवॉशरसाठी मिठाचा सॉफ्टनर आहे आणि त्याचेच पाणी बर्फाच्या यंत्राला जोडले आहे. पुटे अजिबात चढत नाहीत. एकाच उपकरणात काम होते, म्हणून सुचवावेसे वाटले. बर्फ थोडा मऊ आणि पांढरट येतो एवढेच.

शीतयंत्र_कारागीर · २९ मार्च

कॅफेवाल्यांनी शेवटच्या वाक्यात जे लिहिले तेच सॉफ्टनरच्या विरोधातले कारण आहे. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो, परंतु त्यांच्या जागी सोडियम सोडतो. म्हणजे एकूण क्षार कमी होत नाहीत, केवळ बदलतात. ४८० कठीणपणाचे पाणी पूर्णपणे मऊ केले तर प्रत्येक लिटरमागे साधारण २२० मिलिग्रॅम सोडियम वाढते. सोडियमचे क्षार चुन्यासारखे प्लेटवर बसत नाहीत हे खरे, पण ते गोठणाऱ्या थरांत अडकतात, बर्फ पांढरट व मऊ होतो आणि खडे पेटीत एकमेकांना चिकटतात. शिवाय मीठ कमी खाणाऱ्या गिऱ्हाइकाचाही विचार करावा लागतो. डिशवॉशरला सॉफ्टनर उत्तम. बर्फाच्या यंत्राला तो एकटा जोडू नये, असे माझे मत आहे. आरओच्या पडद्यावर (क्षार अडवणाऱ्या पातळ पटलावर) चुना बसू नये म्हणून आरओच्या आधी तो बसवणे ही वेगळी गोष्ट.

संभाजीनगरच्या आकड्यांवर एक हिशेब मांडतो, कारण आकडा पाहिल्याशिवाय गांभीर्य कळत नाही. दीडशे किलो बर्फासाठी दीडशे लिटर पाणी गोठते. लिटरमागे ४८० मिलिग्रॅम म्हणजे रोजचा ७२ ग्रॅम चुना, आणि महिन्याचा दोन किलोंहून अधिक. हा चुना एक तर झडपेतून गटारात जाणार, नाही तर प्लेटवर बसणार, नाही तर खड्यात उतरणार. आपली झडप बंद होती, म्हणजे पहिली वाट बंद आणि सगळा भार उरलेल्या दोन वाटांवर. हेच पाणी नळाचे असते तर रोजचा आकडा २० ग्रॅमवर आला असता.

बर्फाच्या यंत्रासाठी म्हणून जे तयार कार्ट्रिज मिळते, त्यात कार्बनबरोबर पॉलिफॉस्फेटचे खडेही असतात. ते अत्यल्प प्रमाणात विरघळून चुन्याचे स्फटिक वाढू देत नाहीत, त्यामुळे चुना कुंडीत तरंगत राहून झडपेतून बाहेर पडतो. म्हणजे ते क्षार काढत नाही, बसण्याचा वेग कमी करते. १०० ते १५० कठीणपणाच्या पाण्यात त्याचा उपयोग मी स्वतः वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ४८० वर ते अपुरे पडते आणि मालकाला उगीच निश्चिंत करते. क्षार बसू नयेत म्हणून नळीवर लावतात त्या चुंबकाच्या पट्ट्यांविषयीही बरेच जण विचारतात. मी बसवलेल्या ठिकाणी मला फरक दिसला नाही, म्हणून मी कोणाला तो खर्च सांगत नाही.

पाणीपरीक्षक · ३० मार्च

अहवाल पाहून मला दोन मार्ग दिसतात, आणि त्यांपैकी दुसरा मी आधी आजमावला असता.

पहिला मार्ग बोअरच्या पाण्यावर आरओचा. पडदा कठीणपणाचा फार मोठा भाग काढतो. परंतु झडपेतून टाकलेले पाणी धरून यंत्राला रोज सव्वादोनशे लिटर लागते असे मानले, तर लहान आरओला त्यासाठी साडेचारशे ते नऊशे लिटर पाणी घ्यावे लागेल आणि उरलेले बाहेर टाकावे लागेल. ज्या शहरात टँकर येतो तेथे हे पाणी गटारात सोडणे मला योग्य वाटत नाही. फरशी धुणे आणि शौचालय यांसाठी वेगळ्या टाकीत ते साठवण्याची सोय असेल तरच हा मार्ग धरावा. क्लोरीन पडद्याला खराब करते, म्हणून नळाचे पाणी द्यायचे असेल तर आधी कार्बन हवा.

आरओचे पाणी निखळ स्वरूपात यंत्राला देण्यातही अडचण आहे. काही यंत्रांत पाण्याची पातळी किंवा बर्फाची जाडी ओळखण्यासाठी दोन टोके असतात आणि पाण्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवर ती चालतात. पाणी फारच निःक्षार झाले तर ती टोके पाणी असूनही नाही असे समजतात. त्याशिवाय असे पाणी तांब्याच्या नळ्यांनाही खाऊ शकते. म्हणून थोडे मूळ पाणी मिसळतात. आपल्या बोअरचे टीडीएस ८२० आणि आरओचे ४० धरून १५० टीडीएस हवे असेल, तर शंभरात साधारण १४ भाग मूळ पाणी आणि ८६ भाग आरओचे, आणि त्याचा कठीणपणा ८० च्या आसपास येईल. परंतु एक गोष्ट कृपया विसरू नका: मिसळलेले ते १४ भाग पडद्यातून गेलेले नसतात. बोअरमध्ये जंतू असतील तर ते सरळ बर्फात जातील. गोठवल्याने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे. पुष्कळसे जंतू बर्फात तग धरतात आणि पेल्यात वितळले की पुन्हा कार्यक्षम होतात.

दुसरा मार्ग नळजोडणीचा. आपल्याकडे १३० कठीणपणाचे चांगले पाणी येतच आहे, ते केवळ बोअरच्या पाण्यात मिसळून वाया जाते. यंत्राची गरज दिवसाला सव्वादोनशे लिटर असेल, तर सहा दिवसांची गरज १३५० लिटर होते. दोन हजार लिटरची एक वेगळी, झाकणबंद, सावलीतली टाकी फक्त बर्फासाठी ठेवा आणि तिच्यात नळाच्या पाण्याशिवाय काहीही पडू देऊ नका. भांडी, फरशी, शौचालय यांना बोअर चालेल. यंत्रापर्यंत पोहोचायला छोटा दाब वाढवणारा पंप, मग स्पन, मग कार्बन व पॉलिफॉस्फेटचे कार्ट्रिज. आरओचा विचार त्यानंतर, गरज उरली तर.

साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन सहा दिवसांत उडून जाते, हे मात्र सांभाळावे लागेल. पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे रंगावरून दाखवणारी, ग्रामपंचायतीत करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट रोज सकाळी करा आणि पिवळी छटा न आल्यास क्लोरीन घाला. ४ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट २५ मिलिलिटर घातले तर दोन हजार लिटरला सुमारे ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रा मिळते. टाकीत किमान ०.२ उरले पाहिजे. कार्बन ते यंत्राच्या उंबऱ्यावर काढून घेईल, त्यामुळे बर्फाला वास येणार नाही.

मांडवीकाठ · १ एप्रिल

गोव्यातील एका किनारी हॉटेलात मी देखभालीचे काम पाहतो. ताईंनी सांगितलेला मार्ग आम्हाला शक्य नव्हता, म्हणून आमची स्थिती लिहितो, कारण किनाऱ्याचे पाणी पठाराच्या पाण्यासारखे नसते.

आमच्या विहिरीला कठीणपणा फारसा नाही. त्रास लोहाचा आणि उन्हाळ्याच्या शेवटी वाढणाऱ्या क्लोराइडचा. जांभ्यातून येणारे पाणी उपसताना स्वच्छ दिसते, हवा लागली की तांबूस होते. तेच कार्बनमध्ये गेले की कार्ट्रिज महिन्याभरात तपकिरी लगद्याने भरते. आम्ही विहिरीचे पाणी आधी उंचावरून फवाऱ्याने टाकीत पाडतो, लोहाला हवा लागून ते खाली बसते, मग वाळूच्या फिल्टरमधून घेतो आणि त्यानंतर आरओला देतो. आरओला पर्याय नव्हता, कारण क्लोराइड अधिक असेल तर स्टेनलेस स्टीललाही टाचणीएवढी भोके पडतात, आणि कोणताही कार्बन किंवा फॉस्फेट मीठ काढू शकत नाही.

मासळीच्या मांडणीसाठी आमच्याकडे चुरा बर्फाचेही यंत्र आहे. त्यात घट्ट पाणी बाहेर टाकण्याची सोय फारशी नसते. जवळपास सगळे पाणी गोठते आणि फिरता स्क्रू ते खरवडून बाहेर ढकलतो. त्यामुळे क्षार बर्फातच जातात किंवा आतल्या नळकांड्याला चिकटतात. यंत्रातून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला की पूट चढले असे समजावे. एकदा आम्ही तो आवाज आठवडाभर ऐकत राहिलो आणि शेवटी बेअरिंग गेले.

नागपूरकर · ३ एप्रिल

नागपुरातील एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघराशी माझा संबंध आहे. रुग्णांना चोखण्यासाठी मऊ दाण्यांचा बर्फ लागतो, त्यामुळे आम्हाला यंत्राच्या आयुष्यापेक्षा स्वच्छतेची चिंता अधिक.

गच्चीवरील टाकीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मे महिन्यात आमच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. बहुतेक कार्ट्रिज ३८ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेले असते, आणि यंत्राची दिवसाची क्षमताही बऱ्याच थंड पाण्यावर मोजलेली असते. आम्ही यंत्राची वाहिनी गच्चीऐवजी तळटाकीवरून पंपाने घेतली, तेव्हा उन्हाळ्यातील उत्पादन लगेच सुधारले.

आणि कार्बनची दुसरी बाजू. क्लोरीन काढल्यावर यंत्राच्या आत जंतूंना अडवणारे काहीच उरत नाही. पेटीच्या झाकणाच्या आत आणि बर्फ पडतो तेथील झुलत्या पडद्याच्या कडेला गुलाबी किंवा काळसर बुळबुळीत थर दिसू लागला तर तो क्षार नव्हे, ती जिवंत वाढ आहे, आणि ॲसिडने ती जात नाही. साफसफाईचे दोन वेगळे टप्पे आहेत: आधी आम्लाचा क्लीनर, मग भरपूर पाण्याने धुणे, आणि त्यानंतरच क्लोरीनचे निर्जंतुकीकरण. आम्ल आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत हे फार घातक ठरते, म्हणून ही सूचना आम्ही यंत्रावरच चिकटवली आहे. कंपन्या सहसा सहा महिन्यांतून एकदा सफाई सांगतात. आम्ही ती दर महिन्याला करतो. त्यानंतर तयार झालेली पहिली बर्फाची फेरी टाकून देतो.

यंत्राची आणि आरओची सांडपाण्याची नळी गटाराच्या पाइपात थेट खुपसलेली असेल तर तीही काढून घ्या. नळी आणि गटाराचे तोंड यांत मोकळी हवेची जागा हवी, नाही तर गटार तुंबल्यावर ते पाणी मागे चढते.

बंदरावरून · ४ एप्रिल

रत्नागिरीकडे बर्फाच्या लाद्यांच्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे मिठाच्या थंड पाण्यात डबे बुडवून लाद्या गोठवतात आणि गोठत असताना डब्यात नळीने हवा सोडतात. त्यामुळे पाणी हलत राहून क्षार मध्यभागी जमतात. खाण्याची लादी करायची असेल तर शेवटी मधले घट्ट पाणी शोषून काढतात आणि तेथे ताजे पाणी भरतात. म्हणजे हॉटेलच्या यंत्रातील झडपेचेच काम आम्ही हाताने करतो. मासळीसाठीचा बर्फ वेगळा. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात खाद्य दर्जाचा निळा रंग घालणे बंधनकारक आहे. धागाकर्त्यांना बाहेरून बर्फ घ्यावाच लागला तर तो रंगहीन असणे पुरेसे समजू नये, कारखान्याचा अन्न परवाना आणि पाण्याचा अहवाल मागावा. प्रामाणिक कारखानदार तो दाखवतो.

हॉटेलवाला_संभाजीनगर · १४ ऑगस्ट

पाच महिन्यांनी परत आलो आहे, कारण उन्हाळा आणि अर्धा पावसाळा पाहिल्याशिवाय लिहिणे योग्य वाटले नाही.

ताईंचा दुसरा मार्ग धरला. जिन्याखाली दोन हजार लिटरची टाकी ठेवली, तिला फक्त महापालिकेची वाहिनी जोडली आणि प्लंबरकडून बोअरची जोडणी पूर्णपणे तोडून घेतली. केवळ व्हॉल्व्ह बंद करून चालले नसते, कोणी तरी तो घाईत उघडला असता. पंपानंतर आणि फिल्टरनंतर दाब १.८ बार मिळतो. बाहेर टाकणारी झडप नवी बसवली. ओटी टेस्ट माझी मुलगी रोज सकाळी करते आणि वहीत लिहिते. चौथ्या दिवसानंतर रंग फिका पडतो, तेव्हा मात्रा घालतो.

यंत्र दोनदा निकेलला चालणाऱ्या क्लीनरने साफ केले. पहिल्या वेळी कुंडीत पांढरा गाळ मूठभर निघाला, जुलैच्या सफाईत केवळ धूसर पाणी निघाले. बर्फ आता दोन मिनिटांच्या आत सुटतो. एप्रिल आणि मे मिळून बाहेरून बर्फ एकदाच घ्यावा लागला, तोही नळाचे पाणी नवव्या दिवशी आले तेव्हा. त्या दिवशी बोअरचे पाणी टाकीत सोडण्याचा मोह झाला होता, परंतु सोडले नाही.

जुलैमध्ये नवी अडचण आली. नळाचे पाणी गढूळ आले आणि स्पन फिल्टर बारा दिवसांत तपकिरी झाला. अलीकडचा दाबमापक जागेवर आणि पलीकडचा एक बारवर उतरलेला दिसला म्हणून ते वेळेत कळले, नाही तर तीन महिन्यांच्या जुन्या हिशेबाने मी तो ऑक्टोबरपर्यंत तसाच ठेवला असता. कारागीर दादांच्या सल्ल्याने आधी २० मायक्रॉनचा आणि मग त्याहून बारीक छिद्रांचा ५ मायक्रॉनचा, असे दोन स्पन लावले आहेत.

प्लेटवरील दोन तांबूस डागांपाशी चार-पाच खडे अजूनही अडकतात आणि शेवटी तुटून पडतात. त्या प्लेटवर पुन्हा मुलामा चढवता येतो का, की ती बदलावीच लागते, आणि बदलेपर्यंत त्या खड्यांचा बर्फ पेल्यात घालणे योग्य आहे का, याविषयी कारागीर दादा आणि ताईंनी कृपया लिहावे.

शीतयंत्र_कारागीर · १४ ऑगस्ट

जागेवर मुलामा चढवण्याची खात्रीची पद्धत मी पाहिलेली नाही. प्लेटच्या आतून वायूच्या नळ्या गेलेल्या असतात, त्यामुळे ती काढून, नव्याने जोडून, वायू भरावा लागतो. हे काम हिवाळ्यात करा, तेव्हा चार दिवस यंत्र बंद राहिले तरी चालते. तोपर्यंत तेथील खडे वेगळे काढून बाटल्या गार करण्याच्या टबात वापरा, पेल्यात नको. लिंबू-कोकमासारख्या आंबट पेयांत उघड्या तांब्याचा अंश मी कोणाला देणार नाही.